यंत्रभागाची मुदत

मोटारसायकलच्या इंजिनात पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा जो मुठीत मावणारा पोलादी दांडा असतो, ज्याला कारखान्यात आणि गॅरेजात सारखेच कनेक्टिंग रॉड म्हणतात, त्याच्या वाट्याला आलेले काम इतके कठोर आहे, की त्याची यथार्थ कल्पना आल्यावाचून यंत्ररचनेविषयी कोणताही वाद चालविणे व्यर्थ होय. आपल्याकडे खेडोपाडी धावणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीचेच उदाहरण घ्या: सिलिंडरचा व्यास 50 मिलिमीटर, पिस्टनची धाव 49.5 मिलिमीटर, आणि पूर्ण शक्ती देताना क्रँकचे फेरे मिनिटाला 8000. म्हणजे एका सेकंदात पिस्टन अडीचशेहून अधिक वेळा थांबतो आणि तितक्याच वेळा उलट दिशेला हाकलला जातो. आणि वरच्या टोकाशी त्याला थोपवून माघारी फिरविण्यासाठी जे बळ लागते, ते त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दोन हजार पटींवर जाते. पिस्टन शंभर ग्रॅमचा धरला, तर तो त्या क्षणी दांड्याला दोनशे किलोंहून अधिक जोराने खेचतो, आणि त्याच्या पुढच्याच फेऱ्यात पेटलेला वायू त्याच दांड्याला वरून दडपतो. ओढ आणि दाब यांचे हे आवर्तन गाडीच्या आयुष्यात कोट्यवधी वेळा घडते.

असा भाग किती जाड असावा, किती काळ टिकावा आणि झिजल्यावर त्याचे काय व्हावे, या प्रश्नांवर कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका संध्याकाळी जो वाद माझ्यासमोर झाला, तो मला महत्त्वाचा वाटला, कारण दोन्ही पक्षांची आपापल्या कामावर निष्ठा होती. एका बाजूला मामा, ज्यांनी उभे आयुष्य सिलिंडरचे बोअरिंग आणि क्रँकचे ग्राइंडिंग करण्यात घालविले. दुसऱ्या बाजूला त्यांचा भाचा अरुण, जो चाकणकडील एका कारखान्यात इंजिनाच्या अंतर्भागांचे रेखाटन आणि गणित करतो. मी मामांचा शेजारी, आणि वादात पडण्याचा अधिकार नसलेला पण ऐकण्याची हौस असलेला माणूस.

मामा : अरुण, तुमच्या कारखान्यातून येणारे भाग हातात घेतले, की मला प्रथम त्यांचे वजन खटकते. बुलेटचा जुना क्रँक उचलायला माणूस कंबर कसून उभा राहायचा. 70 मिलिमीटरचे बोअर, 90 मिलिमीटरची धाव, वरती बिडाचा सिलिंडर, आणि टॅपेट जुळवायला फिलर गेजसुद्धा लागत नसे. इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी फिरवून बघायची, विनासायास फिरली पण वरखाली हलली नाही, की काम झाले. ज्याने ते यंत्र योजले, त्याने आपल्यासारख्या माणसाच्या हाताचा विचार केला होता. तुम्ही धातू तोळ्यामाशाने मोजता आणि आमच्या हातांना त्यात प्रवेशच ठेवत नाही.

अरुण : मामा, धातू तोळ्याने मोजतो तो कंजूषपणाने नव्हे. पिस्टनला आणि दांड्याला जे बळ सोसावे लागते, त्यातला मोठा वाटा त्यांच्या स्वतःच्याच वजनातून उत्पन्न होतो, आणि फेरे दुप्पट झाले तर ते बळ चौपट होते. मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर संथपणे चालणाऱ्या बुलेटमध्ये जाडी खपून गेली. आठ हजारांवर तीच जाडी स्वतःची वैरी होते. दांडा जाड केला, की त्याचे ओझे क्रँकपिनवर, क्रँकपिनचे बेअरिंगवर, बेअरिंगचे केसिंगवर. एका भागात दाखविलेल्या औदार्याची वसुली पुढच्या प्रत्येक भागाकडून होते. दांड्याचा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा ठेवतात तो यासाठीच, की जेथे ताण आहे तेथे धातू असावा आणि जेथे नाही तेथून तो निघून जावा.

मामा : म्हणजे जाड भाग बळकट, हे आम्ही उगाचच समजत आलो?

अरुण : जाड भाग एका घावाला बळकट. पण इंजिनात भाग एका घावाने मरत नाही, पुनरावृत्तीने मरतो. हे माणसाला फार मोल देऊन कळले. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढून पेटले आणि पन्नासांवर माणसे गेली. आस तर चांगला जाडजूड होता. पुढच्याच वर्षी रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने मोडलेल्या आसांचे परीक्षण करून दाखविले, की जेथे आसाचा व्यास एकदम बदलतो त्या तीक्ष्ण कोपऱ्यातून भेग हळूहळू आत सरकत जाते. मग प्रशियाच्या रेल्वेतील व्होलर या अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे आस फिरवून, वाकवून, मोडून हिशेब मांडला, की किती ताणाला किती आवर्तने. पोलादाला एक अशी सीमा असते, की ताण तिच्या खाली राहिला तर ते जवळजवळ अमर्याद काळ सोसते. ॲल्युमिनियमला तशी स्पष्ट सीमा नाही; ताण कितीही सौम्य असो, आवर्तने मोजली जातच असतात. म्हणून ॲल्युमिनियमचा भाग आम्ही मुदत ठरवूनच योजतो.

येथे मामा उठले आणि फळीवरून एक मोडलेला क्रँक घेऊन आले. तो दोघांमध्ये ठेवून त्यांनी मोडलेल्या पृष्ठभागावर बोट फिरविले. कडेच्या एका बिंदूपासून आत पसरत गेलेल्या, एकामागून एक अशा गुळगुळीत कमानी तेथे स्पष्ट दिसत होत्या, आणि उरलेला भाग खरखरीत, दाणेदार होता. मला त्या पृष्ठभागाची लिपी वाचता येत नव्हती. त्या दोघांना ती सारखीच येत होती, आणि वादाचा सूर त्या क्षणापासून बदलला असे मला वाटते.

मामा : तुझ्या त्या साहेबांचे नाव मला ठाऊक नव्हते, पण हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. गुळगुळीत आहे ती जुनी भेग, खरखरीत आहे तो शेवटचा दिवस. आणि सुरुवात नेहमी याच ठिकाणी, जर्नल आणि वेब यांच्या कोपऱ्यात. ग्राइंडिंग करताना ज्या कारागिराने दगडाची कड गोल केली नाही आणि कोपरा काटकोनात सोडला, त्याचा क्रँक परत येतो. मी पोरांना शिकविताना सांगायचो, माप अर्धा दोरा चुकले तर गिऱ्हाईक भांडेल. कोपऱ्याची गोलाई चुकली तर गिऱ्हाईक घाटात उभे राहील.

अरुण : अगदी तेच. आणि म्हणूनच त्या गोलाईवर आता आम्ही कठीण रोलर दाबून फिरवितो, म्हणजे तेथील पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि भेगेला तोंड उघडायला जागा मिळत नाही. किंवा नायट्रायडिंग करून वरचा पातळ थर कठीण करतो. पण मामा, अडचण अशी, की तुम्ही तो क्रँक पुन्हा ग्राइंड केलात, तर हा सगळा बंदोबस्त त्या दगडाखाली निघून जाण्याचा संभव असतो. मी सुरक्षितता वाढविली, आणि तुमची दुरुस्ती आपोआप धोक्याची झाली. यात तुमच्या हाताचा अनादर कोठे आहे?

मामा : अनादर नसेल. पण मी दुरुस्त करणार, हे तुला ठाऊक होते. मग त्याची तजवीज रेखाटनात का नाही?

अरुण या प्रश्नाला लगेच उत्तर देऊ शकला नाही. त्याने विषय घडाईकडे वळविला, आणि ते योग्यच झाले, कारण घडीव क्रँकविषयी दोघांचे प्रेम समान होते. पोलादाचा लालभडक तुकडा सुमारे बाराशे अंशांच्या उष्णतेवर साच्यात दाबला जातो, तेव्हा धातूतील तंतू तुटत नाहीत, क्रँकच्या प्रत्येक वळणाबरोबर वळतात. तोच आकार सरळ दांडक्यातून कातून काढला तर ते तंतू प्रत्येक वळणावर छेदले जातात. जुना सुतार नांगरासाठी सरळ फळी न कापता निसर्गतःच वाकलेले बाभळीचे लाकूड शोधत असे, त्यामागील शहाणपण आणि हे शहाणपण एकच. पुण्याजवळ मुंढव्याला 1961 साली स्थापन झालेल्या भारत फोर्जने याच विद्येवर जगभर नाव मिळविले, याचा अभिमान मामांच्या बोलण्यात अरुणपेक्षाही अधिक होता.

अरुण : आता मी तुम्हाला अशी गोष्ट सांगतो, जी ऐकून तुम्हाला राग येईल. मोटारीच्या कनेक्टिंग रॉडचे खालचे टोक, म्हणजे ज्याची टोपी बोल्टने बसविलेली असते, ते पूर्वी कापून वेगळे करीत आणि दोन्ही पृष्ठभाग घासून जुळवीत. आता अनेक इंजिनांत दांडा एकसंध घडवितात, आतून लेसरने एक बारीक खाच पाडतात, आणि मग जोर लावून टोपी सरळ तोडून काढतात.

मामा : तोडतात? मुद्दाम?

अरुण : मुद्दाम. त्यासाठी पोलादही असे निवडतात, की ते न ताणता स्वच्छ तुटावे. तुटलेल्या दोन पृष्ठभागांवर जे उंचसखल दाणे राहतात, ते एकमेकांत असे बसतात, की टोपी केसभरही सरकत नाही. जगातील दुसरी कोणतीही टोपी त्या दांड्याला बसणार नाही, आणि त्याची टोपी उलटी लावली तर तीही बसणार नाही. जुळवाजुळवीची दोन कामे वाचली, आणि भोकाची गोलाई पूर्वीपेक्षा खरी झाली.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या मुद्रेवर मला राग दिसला नाही; एखाद्या तानेतील अनपेक्षित जागा ऐकून जाणकाराने मान हलवावी तशी त्यांनी मान हलविली. नंतर ते म्हणाले, “युक्ती उत्तम आहे. तुमच्या माणसाने मोडण्यालाच कामाला लावले. आता मला एवढेच सांग, की ऑइल संपून ते बेअरिंग धरले आणि भोक अंडाकृती झाले, तर पूर्वी मी टोपीचा पृष्ठभाग दोन शतांश घासून भोक पुन्हा गोल करीत असे. आता काय करू? तुटलेल्या दाण्यांवर कानस कशी चालवू?”

अरुण : नाही चालविता येणार. दांडा बदलावा लागेल.

मामा : आणि सिलिंडर?

या एका शब्दात सबंध उद्यमनगराची कैफियत होती, म्हणून तिचा थोडा खुलासा करणे अवश्य आहे. बिडाच्या सिलिंडराची रीत अशी, की पिस्टनच्या रिंगांनी भिंत झिजली, तर ती पाव मिलिमीटरने कातून मोठी करावी आणि 0.25 मापाचा मोठा पिस्टन घालावा. पुन्हा झिजली तर 0.50, मग 0.75, मग एक मिलिमीटर. असे एक इंजिन तीनचार आयुष्ये जगे, आणि प्रत्येक आयुष्याबरोबर एका बोअरिंगवाल्याचे घर चाले. आता पुष्कळ गाड्यांत सबंध सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याच्या आतील भिंतीवर निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळलेला अतिशय कठीण व पातळ थर चढविलेला असतो. माले या जर्मन कंपनीने 1967 साली निकासिल नावाने तो पुढे आणला. तो कातता येत नाही. कातला तर खाली नुसते मऊ ॲल्युमिनियम उरते.

अरुण : सिलिंडरच्या बाबतीत मी माघार घेणार नाही. ॲल्युमिनियम तापले की बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा असला, तर दोघांमध्ये फट अधिक ठेवावी लागते, नाहीतर गरम झाल्यावर पिस्टन धरतो. आणि फट अधिक म्हणजे थंडीत सुरू करताना खडखड, ऑइलचा धूर, वाया जाणारे पेट्रोल. दोन्ही एकाच धातूचे असले तर दोघे बरोबर फुगतात. उष्णताही ॲल्युमिनियममधून लवकर बाहेर पडते. आणि तो थर इतका कठीण आहे, की नीट सांभाळलेल्या गाडीत बोअरिंगची वेळच बहुधा येत नाही. तुमच्या चार आयुष्यांच्या ऐवजी मी एकच दीर्घ आयुष्य दिले, आणि त्या सबंध काळात हवेत धूर कमी सोडला. एप्रिल 2020 पासून ‘भारत स्टेज सहा’चे जे नियम अंमलात आले, ते जुन्या ढिल्या मापांनी पाळताच आले नसते.

मामा : नीट सांभाळलेल्या गाडीत, म्हणालास. शाहूवाडीकडच्या वाटेने दूध घालणाऱ्या माणसाची गाडी सांग. एअर फिल्टर फाटलेला, त्याला पत्ता नाही. लाल धूळ आत जाते, एक खडा रिंगेत अडकतो आणि तुझ्या त्या कठीण थरावर वरपासून खालपर्यंत रेघ ओढतो. बिडात रेघ पडली तर मी ती एका दुपारी काढून देत होतो. तुझ्या सिलिंडरची रेघ म्हणजे नवा सिलिंडर आणि नवा पिस्टन, आणि त्याची महिन्याची दुधाची पट्टी त्यात गेली. तू म्हणतोस धूर कमी झाला, ते मला मान्य आहे. माझ्या नातवाने चांगली हवा घ्यावी असे मलाही वाटते. पण नियम तयार झाले तेव्हा दूधवाल्याच्या बाजूने कोणी बोलले काय?

मला येथे स्वतःचे मत नोंदविल्यावाचून राहवत नाही. धुराच्या बाबतीत अरुणचा पक्ष निर्विवाद आहे, कारण एकाच्या दुरुस्तीची सोय ही सर्वांच्या श्वासाहून मोठी ठरू शकत नाही. परंतु मामांनी मांडलेला प्रश्न त्याने निकालात निघत नाही. धूळ, अज्ञान आणि दारिद्र्य ही यंत्राच्या परिस्थितीची तितकीच खरी अंगे आहेत, जितके उष्णतामान आणि फेरे. आणि जो हिशेब त्यांना वगळतो, तो गणित म्हणून निर्दोष असला तरी अभियांत्रिकी म्हणून अपुरा आहे.

वाद पुढे गेला तो बेअरिंगवर, आणि तेथे दोघांना खरी भेटीची जागा सापडली. इंजिन चालू असताना क्रँकचे जर्नल बेअरिंगच्या शेलला टेकलेले नसते, त्या दोहोंमध्ये केसाहूनही पुष्कळ पातळ असा तेलाचा थर असतो आणि सगळा भार तोच वाहतो, हे मामांना अनुभवाने ठाऊक होते. तो भार तेल कसे उचलते, ते अरुणने सांगितले. इंग्लंडात 1883 च्या सुमारास बोशाँप टॉवर नावाचे गृहस्थ रेल्वेच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत असता त्यांनी तेल सोडण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर आले. भोकात लाकडी खुंटी ठोकली, तर ती हळूहळू वर सरकून निघाली. दाबमापक लावला तेव्हा दाब दर चौरस इंचास 200 पौंडांच्या वर निघाला. फिरणारा आस स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि तेथे हा दाब निर्माण करतो, याचे गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 साली मांडले, आणि आजही प्रत्येक मोटारीचे बेअरिंग त्याच गणितावर योजले जाते.

मामा : मग शेलवर तो मऊ धातू का चढवितात, हे तू सांगू नकोस, मी सांगतो. गाडी सुरू होताना क्षणभर तेल नसते, आणि तेलातून कधी कण येतो. तो कण मऊ थरात रुतून बसतो आणि क्रँक वाचतो. फारच वाईट वेळ आली, तर शेल जळते आणि क्रँक पुष्कळदा तरीही वाचतो. स्वस्त भागाने महाग भागासाठी जीव द्यायचा, हे ज्याने ठरविले, त्याला मी हात जोडतो. मॅग्नेटोच्या चाकाखाली ती अर्धचंद्राकार चावी असते ना, तीही तशीच. झटका बसला की ती कापली जाते आणि शाफ्ट सुरक्षित राहतो. आता तुझ्या टायमिंग बेल्टचा न्याय कर.

मामांच्या मनातील खरी सल ही होती. त्यांच्याकडे एका शिक्षकाची जुनी विकत घेतलेली मोटार आली होती. कागल ओलांडल्यावर बेल्ट तुटला, त्या बेल्टने फिरणारा आणि वॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबला, क्रँक मात्र फिरत राहिला, आणि उघड्या राहिलेल्या वॉल्व्हांवर पिस्टन येऊन आदळले. वॉल्व्ह वाकले, गाइड फुटले, एका पिस्टनला भोक पडले.

अरुण : पिस्टनच्या माथ्यावरची जागा लहान केल्याशिवाय दाबाचे प्रमाण वाढत नाही, आणि वॉल्व्ह पुरेसे उघडल्याशिवाय इंजिन श्वास घेत नाही. म्हणून एकच जागा दोघे वेगवेगळ्या वेळी वापरतात, आणि ती वेळ राखण्याचे काम बेल्टकडे असते. बेल्ट हलका, आवाज न करणारा, तेलाची गरज नसलेला. तो किती किलोमीटरनंतर किंवा किती वर्षांनंतर बदलावा, ते मालकाच्या पुस्तकात छापलेले असते.

मामा : पुस्तक पहिल्या मालकाच्या कपाटात राहिले. आणि बेल्ट ओरडत नाही रे. साखळी ढिली झाली की महिनाभर खडखडते, बेअरिंग जायला लागले की ठोका देते, क्लच झिजला की घसरतो. प्रत्येक भाग मरण्यापूर्वी तगादा लावतो. हा एकच भाग असा, की मुकाट्याने तुटतो, आणि तोही सर्वांत स्वस्त असून सर्वांत महाग भागांना घेऊन जातो. शेलच्या बाबतीत जो न्याय तुमच्या वाडवडिलांनी केला, तो येथे उलटा झाला.

अरुणने या वेळी बचाव केला नाही. तो म्हणाला, “या मुद्द्यावर तुम्ही जिंकलात, मामा. आमच्याही खात्यात ज्येष्ठ मंडळी साखळीच्या बाजूने बोलतात, आणि पुष्कळ नव्या इंजिनांत साखळी परत आली आहे. आम्ही प्रत्येक भाग किती टिकेल याची नोंद ठेवतो. तो जाताना कोणाला बरोबर नेईल याचीही नोंद करतो. पण तो जाण्यापूर्वी गॅरेजातल्या माणसाला काय ऐकू येईल, असा रकाना आमच्या तक्त्यात नाही.” मामांनी मोडका क्रँक त्याच्या हातात दिला आणि तो तू तुझ्या टेबलावर ठेव, असे सांगितले. अरुणने तो पिशवीत घातला.

माझा निवाडा असा, की भाग हलका असावा, त्याची मुदत गणिताने ठरावी आणि धुराच्या नियमांत तिळमात्र सवलत नसावी, हा अरुणचा पक्ष खरा. आणि कोणता भाग आधी जाणार, जाण्यापूर्वी तो सूचना देणार काय, आणि गेल्यावर शेजारच्या भागांना धक्का न लावता तो एकटा बदलता येणार काय, या तीन प्रश्नांची उत्तरे रेखाटनावर सही होण्यापूर्वी मागितली पाहिजेत, हा मामांचा पक्षही तितकाच खरा. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की यंत्ररचना शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांनी एक उन्हाळा तरी एखाद्या बोअरिंगच्या दुकानात बसवावे आणि मोडून आलेले भाग वाचायला लावावे. आणि जुनी मोटार विकत घेणाऱ्या वाचकाला एवढेच सांगणे आहे, की सौदा पक्का करण्यापूर्वी टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याचा लेखी दाखला मागावा, आणि तो मिळाला नाही तर गाडीवरचा पहिला खर्च त्या बेल्टवर करावा.